अब्बा क्लार्क, मी क्लर्क

लग्नानंतर मी इंग्लंडला निघाले तेव्हा लासुर्ण्याच्या फाट्यावर बरीच माणसं जमली होती. त्र्याण्णव साल होतं, उसाचा हंगाम उतरणीला लागला होता. बैलगाड्यांच्या रांगेमागे अडकून बारामतीची एसटी उशिरा आली आणि त्या उशिराचं मला बरंच वाटलं. आई माझ्या ओढणीचं टोक हातात धरून उभी होती. अब्बांनी रोज कामावर जाताना घालायचे तसा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं. रजा टाकली होती तरी पेन होतंच.

शेजारचे बबनतात्या पुढे आले. त्यांच्या वडिलांच्या काळात घरात मेंढ्यांचा मोठा वाडा होता, आता तात्यांचाही ऊसच होता. अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "क्लार्क, लेक लांब चालली म्हनून वाईट वाटून घिऊ नगा. इमानानं जातीय, इमानानं येती बी."

अब्बांचं नाव दस्तगीर. पण गावात हे नाव आईखेरीज फारसं कुणाच्या ध्यानात नसावं, आणि आई काही ते घेत नव्हती. अब्बा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात क्लार्क होते. कुणाच्या उसाची नोंद झाली, कुणाच्या उसाला तोड कधी येणार, हे काम त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यामुळे सकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असे. "क्लार्क हायत का?" अशी हाक यायची. लग्नाच्या पत्रिकेवर सुद्धा लोक 'क्लार्कसाहेब, लासुर्णे' एवढंच लिहीत आणि ती पोचत असे. मी शाळेत क्लार्कची रेहाना होते, धाकटा सलीम क्लार्कचा सलीम.

एसटीत अब्बा माझ्याशेजारी बसले. जंक्शन, सणसर, भवानीनगर, पिंपळी. ते एकेक गाव असं बघत होते की जणू प्रवासाला तेच निघालेत. बारामतीत सासरची जीप तयार होती, पुढे विमानतळापर्यंत सासरे येणार होते. जीपमध्ये सामान ठेवून झाल्यावर अब्बा मला म्हणाले, "तितं गेल्यावर आधी ऐक. मग बोल." मी जीपच्या मागच्या काचेतून बघितलं तेव्हा ते कंट्रोलरच्या खिडकीशी परतीच्या एसटीची चौकशी करत होते.

ते 'आधी ऐक, मग बोल' का म्हणाले, हे समजायला आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी.

मी दहावीत असताना हायस्कूलला इंग्रजीचे नवे सर आले. देशमाने सर. तरुण होते, पुण्याला शिकलेले. एकदा फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिता पिता त्यांनी चार माणसांत अब्बांना सांगितलं की 'क्लार्क' हा उच्चार चुकीचा आहे. सी, एल, ई, आर, के असं स्पेलिंग आहे, त्यात 'आ' कुठे आहे? बरोबर उच्चार 'क्लर्क'. सर काही वाईट मनानं बोलले नव्हते. पण गावाला निमित्त पुरतं. पुढे कितीतरी दिवस लोक ओट्यावर यायचे आणि म्हणायचे, "क्लार्क म्हनायचं का क्लर्क, ते एकदा सांगून टाका."

अब्बा हसण्यावारी न्यायचे. घरात मात्र त्यांनी मला शाळेतून शब्दकोश आणायला लावला. त्यात शब्दापुढे उलटीसुलटी चिन्हं होती, ती मला वाचता येईनात. अब्बांनी चष्मा लावून बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढी वर्सं ह्या शब्दावर सही करतोय. आन् म्हनता येत न्हाय."

ते जुनी अकरावी झालेले होते. त्यांच्याकडे स्वतःचा असा इंग्रजी शब्द एकच होता.

इक्बाल, माझे यजमान, बारामतीचे. घरचा फळांचा व्यापार, पण ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. मी पोचले तेव्हा ते उत्तरेकडच्या लँकेशर परगण्यातल्या एका जुन्या गिरणीच्या गावात हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहत होते. खोलीच्या खिडकीतून विटांच्या घरांच्या ओळी दिसायच्या. रस्त्यावर माणूस दिसला तर तो घाईत असायचा.

पहिल्याच आठवड्यात इक्बालनी सांगितलं की घरातही आपण इंग्रजीच बोलू. पेशंटना त्यांचं बोलणं कळत नव्हतं, वरच्या डॉक्टरनं त्यावरून टोकलं होतं. आपल्या दोघांनाही सवय होईल, असं ते म्हणाले. मला पटलं. मग बारामतीचा एक माणूस आणि लासुर्ण्याची एक बाई लँकेशरच्या स्वयंपाकघरात एकमेकांकडे इंग्रजीतून मीठ मागू लागली.

त्यात एक गोष्ट अशी झाली, जी आम्हाला तेव्हा कळली नाही. जे इंग्रजीत सांगता येत नव्हतं ते आम्ही एकमेकांना सांगितलंच नाही. मीठ, चहा, गॅसचं बिल, ड्युटीच्या वेळा, एवढं बोलता यायचं. दुपारभर पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, हे कसं सांगायचं? 'आय ॲम फाइन' म्हणायला सोपं होतं. ते थकून येत, मी 'फाइन' म्हणे, आणि ते झोपी जात.

आसपास मुसलमान कुटुंबं पुष्कळ होती. सुरतेकडची, पंजाबातली. बायका प्रेमळ होत्या, रमजानात घरून ताटं पाठवायच्या. पण त्यांना वाटे मला उर्दू येत असणार. मी आमच्याकडची मोडकीतोडकी हिंदी बोलले की त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. एकीनं विचारलं, मग तुम्ही घरात कुठली भाषा बोलता? मी म्हटलं, मराठी. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. त्यांच्या गप्पा रंगात आल्या की मी हसू पाहून हसायची, शब्द कळून नाही.

घरी एकटी असताना मी मराठीत बोलायला लागले. भांडी घासताना एसटीचे थांबे मोठ्यानं म्हणायची. कधी ओट्यावर आलेल्या माणसांचे आवाज काढायची. एकदा इक्बाल लवकर आले आणि दारात उभे राहून ऐकत होते. मी गप्प झाले. ते कपडे बदलायला आत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

मग त्यांनीच चौकशी करून मला बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. लायब्ररीच्या तळघरात वर्ग भरायचा. मिसेस हॉलंड नावाच्या निवृत्त शिक्षिका शिकवायच्या, जाड लोकरी मोजे घालणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. माझं प्रत्येक वाक्य त्या प्रेमानं दुरुस्त करत. ओठ कुठे टेकवायचे, दात कुठे, हे स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून सांगत. 'व्हेरी' म्हणताना माझे ओठ जुळायचे, 'व्हेजिटेबल' मध्ये मी एक अक्षर जास्त घालायची. मला वाटू लागलं की मला आलेलं सगळं इंग्रजी चुकीचंच आहे.

एक दिवस त्यांनी प्रत्येकीला वडिलांचं काम विचारलं. माझी पाळी जवळ येऊ लागली तसे मला देशमाने सर दिसू लागले. क्लर्क म्हणू का? की सरळ 'ऑफिस' म्हणून मोकळी होऊ? पण तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं, "माय फादर इज अ क्लार्क."

मिसेस हॉलंडनी मान डोलावली आणि फळ्यावर ते स्पेलिंग लिहिलं. वर्गाला म्हणाल्या, आता हिच्यासारखं म्हणा. स्पेलिंगकडे पाहू नका, हिचं ऐका. आणि त्या तळघरात पंधरा-वीस बायका, सुरतेच्या, लाहोरच्या, एक व्हिएतनामची, सगळ्या मिळून म्हणाल्या, क्लार्क. मिसेस हॉलंडचा 'र' मध्येच विरून जायचा, त्या 'क्लाक' म्हणायच्या. पण 'आ' पक्का होता. आमच्या ओट्यावरचाच 'आ'.

त्या काळी आमच्या घरी फोन नव्हता. दर दोन रविवारांनी अब्बा एसटीनं बारामतीला माझ्या सासरी यायचे आणि मी तिथे फोन करायची. आतल्या खोलीत बसून ते वाट बघत. मी ही गोष्ट त्यांना सांगितली.

ते म्हणाले, "बाईच म्हनली? विंग्रज बाई?"

"व्हय अब्बा. सगळ्या वर्गाला म्हनायला लावलं."

"बरं," ते म्हणाले. आणि फोन सासूबाईंकडे देऊन टाकला.

पुढचं मला सलीमच्या पत्रातून कळलं. बारामतीहून परत येताना अब्बा घरी न येता फाट्यावर उतरून थेट हॉटेलात गेले. देशमाने सरांना निरोप धाडला. सर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि चार माणसांत कबूल केलं की विलायतेत तसं म्हणत असतील तर माझंच चुकलं. अब्बांनी सगळ्यांना चहा पाजला. सलीमनं लिहिलं होतं की अब्बा परत येताना शीळ वाजवत होते. त्यांना शीळ वाजवता येते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मी ते पत्र वाचून खूप हसले. हसताना लक्षात आलं की खोलीत ऐकायला कुणी नाही.

शहाण्णवमध्ये आम्ही अमेरिकेला गेलो. इंग्लंडमध्ये इक्बालना पुढची जागा मिळेना. ओहायोमधल्या एका हॉस्पिटलनं घेतलं, पण तिथे सगळं प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. इंग्लंडचं ते गाव निदान चालत फिरता यायचं. इथे घराबाहेर पडलं की नुसता रस्ता, त्याला कडेनं चालायला जागासुद्धा नाही. शेजारी गाडीतून हात करत आणि गॅरेजचं दार त्यांच्यामागे बंद होई. इक्बाल एकेकदा दीड-दोन दिवस घरी येत नसत.

एकदा वर्तमानपत्रात दिवाळीच्या कार्यक्रमाची बारीक बातमी दिसली. मराठी मंडळाचा. खाली नंबर होता. मी फोन केला, पलीकडे एक बाई होत्या. माझं बोलणं ऐकून त्या इतक्या खूश झाल्या, कुठल्या तुम्ही, बारामतीकडच्या का, आमची मावशी तिकडची, असं सगळं झालं. दहा मिनिटं मी माणसात होते. मग त्यांनी यादीत लिहिण्यासाठी नाव विचारलं. मी म्हटलं, रेहाना.

त्या थांबल्या. मग फार गोड आवाजात म्हणाल्या, "अय्या, पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही."

त्यांनी बोलावलं, मनापासून बोलावलं. मी गेले नाही. त्या बाईंचा राग नाही, तेव्हाही नव्हता. पण लासुर्ण्यात मला कुणी कधी सांगितलं नव्हतं की मी मराठी छान बोलते.

त्यानंतर मला कामाची परवानगी मिळाली आणि मी कापडाच्या एका मोठ्या दुकानात लागले. तागे उलगडायचे, गिऱ्हाइकाला हवं तेवढं मापून कापायचं, घडी करून द्यायची. छातीवर लावायला बिल्ला मिळाला. माझं नाव, आणि खाली 'सेल्स' पुढे तेच स्पेलिंग. सी, एल, ई, आर, के. मी मनात वाचलं, सेल्स क्लार्क. त्या दिवशी घरी आल्यावर मी आरशासमोर बिल्ला लावून उभी राहिले. वाटलं, चला, आपणही क्लार्क झालो.

शेजारच्या टेबलावर डॉना होती. साठीला आलेली, विधवा, मोठ्या आवाजाची. नवीन माणसाशी आपणहून बोलणारी तिथे ती एकटीच. जेवणाच्या सुट्टीत तिनं एकदा विचारलं, तुझ्या वडिलांविषयी सांग ना. मी म्हटलं, "माय फादर इज अ क्लार्क."

डॉनाचा चेहरा उजळला. "क्लार्क? माझे काकाही क्लार्क," ती म्हणाली.

मला फार बरं वाटलं. म्हटलं, हिच्याही घरात क्लार्क आहे. मी विचारलं, कुठे आहेत? ती म्हणाली, इंडियानाला, शेती बघतात. मला जरा नवल वाटलं, क्लार्क असून शेती बघतात. पण म्हटलं, शेतकी खातं असेल.

तेव्हापासून डॉना दर सोमवारी मला विचारायची, "हाउ इज क्लार्क?" फोन झाला का, तब्येत कशी आहे, तिकडे गरम होतं का? क्लार्कला माझा नमस्कार सांग. आणि मी उत्तरं द्यायची. क्लार्क बरे आहेत. क्लार्कना गुडघ्याचा त्रास आहे. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण आमच्याकडे सगळं गाव असंच विचारायचं. उलट त्या सगळ्या देशात तेवढं एकच वाक्य होतं, जे लासुर्ण्यासारखं वाटायचं. मी सोमवारची वाट बघायची.

असे कितीतरी महिने गेले. मग दुकानात एक नवी मुलगी लागली आणि मॅनेजरनं तिला माझ्याजवळ उभं करून तिचं काम समजावून दिलं. तिच्या बिल्ल्यावर बोट ठेवून तो म्हणाला, तू सेल्स क्लर्क आहेस, क्लर्कनं गल्ल्याला हात लावायचा नाही. हा 'क्लर्क' शब्द मी तिथे रोज ऐकत होते. पण त्यांच्या जिभेवर तो इतका गोल व्हायचा की तो देशमाने सरांचाच शब्द आहे हे मला ओळखू आलं नव्हतं, वेगळाच काही शब्द आहे असं समजत होते. त्याचं बोट त्या अक्षरांवर होतं म्हणून मला कळलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या हातून दोन तागे वाकडे कापले गेले. बसमध्ये बसल्यावर सगळं एकेक करून उलगडलं. डॉनाच्या काकांचं नाव क्लार्क होतं. शेती बघणारे, इंडियानाचे, ते क्लार्क. आणि माझ्या वडिलांचंही नाव क्लार्कच आहे, असं ती समजून चालली होती. त्या देशात माझ्या अब्बांची विचारपूस करणारं एकच माणूस होतं, आणि ते दुसऱ्याच कुणाची तरी विचारपूस करत होतं.

घरी कुणी नव्हतं. मी जेवले नाही.

एव्हाना बबनतात्यांच्या घरी फोन बसला होता, अब्बांना बारामतीला जावं लागत नसे. त्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. अब्बा हसत सुटले. इतके हसले की खोकला आला आणि तात्यांनी मागून पाणी दिल्याचं मला ऐकू आलं.

"म्हंजी देशमाने सरांचं अमेरिकेपुरतं बरूबर होतं," ते म्हणाले. "सरान्ला सांगाय पायजे."

मी म्हटलं, आता मी काय म्हणू?

"देश तसा येश. तू तितं काम करतीस, तू तितं क्लर्क म्हन."

मी सराव केला. तो उच्चार दिसतो तेवढा सोपा नाही. आपल्या 'र' ला जीभ टाळूला लागते. त्यांच्या 'र' ला ती मागे गोळा करून ठेवायची, कुठेच टेकवायची नाही. आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून मी ते शिकले. पुढे कुणी विचारलं की मी नीट सांगायची, आय ॲम अ क्लर्क. कुणी दोनदा विचारत नसे. पण वडिलांविषयी सांगायची वेळ आली की जीभ मागे जात नसे. तिला काही केल्या जमायचंच नाही. क्लर्क मी होते. अब्बा क्लार्क होते.

डॉनाला मी काही सांगितलं नाही. सोमवारी तिनं विचारलं, "हाउ इज क्लार्क?" मी क्षणभर तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत खरी आस्था होती. मी म्हटलं, बरे आहेत, तुझी आठवण काढतात. हे खोटं नव्हतं. अब्बा फोनवर विचारायचे, "ती बाई काय म्हनती?"

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एका सकाळी फोन वाजला. इक्बाल हॉस्पिटलला निघायच्या तयारीत होते, बाहेर बर्फ साफ करायची गाडी रस्त्यावरून चालली होती. मी फोन घेतला. बबनतात्यांचा आवाज होता. त्या दिवशी रविवार नव्हता.

"रेहाना," ते म्हणाले. "पोरी, आपला क्लार्क गेला."

पुढे ते सांगत होते. दुपारी जेवून पडले होते, चहाला उठवलं तर उठले नाहीत. सलीमला पुण्याहून बोलावलंय. आई बसून आहे. मला ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. इक्बालनी माझ्या हातातून फोन घेतला.

आणि मग मी ऐकलं ते कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "तात्या, मी इक्बाल बोलतोय," ते म्हणाले. "आमच्यासाठी थांबू नका. दोन दिसाशिवाय पोचता यायचं न्हाय. सलीम आला की मय्यत उचला. आईंना कुणीतरी चार घास खायला घाला." बारामतीच्या मंडईतलं, त्यांच्या वडिलांसारखं मराठी. हॉस्पिटलचा कोट अंगात, टाय बांधलेला, आणि तोंडात ते मराठी.

फोन ठेवून ते माझ्याजवळ स्वयंपाकघरात फरशीवर बसले. हॉस्पिटलला कळवलं नाही, काही नाही. म्हणाले, "मी तुला त्या दिवशी ऐकलं होतं. तिकडं इंग्लंडला. भांडी घासताना गावांची नावं घेत होतीस." मी त्यांच्याकडे बघितलं. "मला तुझ्याबरोबर म्हणावंसं वाटलं होतं," ते म्हणाले. "लाज वाटली."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बोलत होतो. पाच वर्षं साठलेलं होतं. लग्नानंतर आम्ही खरं म्हणजे त्या दिवशी भेटलो.

मी कामावर परत गेले तेव्हा डॉनानं मला टेबलाआड नेऊन मिठी मारली. दुकानातल्या सगळ्यांनी मिळून एक कार्ड आणलं होतं, पांढऱ्या फुलांचं. आत डॉनाच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की क्लार्क यांच्या जाण्यानं आम्हाला दुःख झालं आहे. खाली मॅनेजरपासून त्या नव्या मुलीपर्यंत सगळ्यांच्या सह्या होत्या.

मी ते कार्ड वाचलं आणि तिथेच, ताग्यांच्या मधे उभी राहून रडले. बातमी आल्यापासून पहिल्यांदा. डॉनाला वाटलं, कार्डानं मला आणखी दुःख दिलं. तसं नव्हतं. त्याच आठवड्यात लासुर्ण्याच्या कब्रस्तानाबाहेर शंभर माणसं हेच म्हणाली असणार. क्लार्क गेला. चांगला माणूस होता. मला तिथे जाता आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी गावी गेले. आईजवळ महिनाभर राहिले. अब्बांच्या टेबलावर दुसरं कुणी बसत होतं, ओटा सकाळी रिकामा असायचा. पण त्याहून एक गोष्ट मला लागली. ज्या बायकांनी मला कडेवर घेतलं होतं त्या मला विचारत होत्या, "कवा आलात? बरं हायसा न्हवं?" माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीही 'तुमी' म्हणत होत्या. मान देत होत्या. मला चहा बशीत न देता कपात देत होत्या आणि खुर्ची पुसून देत होत्या. एकटे बबनतात्या मला 'तू' म्हणाले. आता तेही नाहीत.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे गावी राहिले त्यांना वाटतं, गेलेल्यांचं घर तिकडे झालं. जे माझ्यासारखे गेले त्यांना ठाऊक आहे की असं काही होत नाही. लासुर्ण्यात मी पाहुणी आहे. ओहायोत माझं नाव लोक अजून विचारून लिहितात. पुढे ओहायोतच जन्मलेल्या आमच्या मुलाला, समीरला, मराठी समजतं. आम्ही काय विचारलं ते त्याला बरोबर कळतं, उत्तर तो इंग्रजीत देतो, जीभ कुठेही न टेकवता. त्यात त्याचं काही चुकत नाही. ती त्याची भाषा आहे आणि ते त्याचं गाव आहे.

आता घर म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. तेही सगळं नाही. इक्बाल आणि मी समोरासमोर बसतो तेवढंच. त्या फरशीवरच्या दिवसापासून तिथे आम्ही दुसरी भाषा बोललो नाही. ते बारामतीच्या मंडईतल्या गोष्टी सांगतात, मी कारखान्याच्या भोंग्याच्या सांगते. त्याच त्याच सांगतो. तिसऱ्या माणसाला त्यात बसायला जागा नाही, आणि तिसरं कुणी येणारही नाही.

समीर दुसऱ्या शहरात नोकरीला गेला तेव्हा घर फार शांत झालं. एकदा जेवता जेवता मी इक्बालना विचारलं, आपल्यातलं एक गेल्यावर दुसऱ्यानं मराठी कुणाशी बोलायचं?

ते भाकरी मोडत होते. घास तसाच हातात राहिला.

मग म्हणाले, "तू आधी जाऊ नको."

मी त्यांच्या ताटात कालवण वाढलं, आणि बराच वेळ आम्ही दोघं गप्प जेवत राहिलो. तेही मराठीतच.